हाक एकाची, नोंद दुसऱ्याची

श्रोतेहो, धुऱ्यावर उभे राहून दूरच्या वावरातल्या माणसाला तुम्ही हाक मारलीच असेल. आवाज पोचत नसला, तर मधल्या वावरातला शेजारी तीच हाक पुढे देतो. हौशी बिनतारीवाले, ज्यांना ‘हॅम’ म्हणतात, त्यांनी हीच रीत यंत्राकडून करवून घेतली आहे. तिचे नाव एपीआरएस. अमेरिकेतील नौदल अकादमीतले बॉब ब्रुनिंगा यांनी ती १९९२ साली या नावाने पुढे आणली.

समजा, बाभुळगावचा एक हॅम पावसाळ्यात जीपगाडी घेऊन खडक सावंग्याकडे, बेंबळा धरणाच्या बाजूला निघाला आहे. मोबाइलला रेंज नाही. गाडीत लहानसा बिनतारी संच आहे आणि उपग्रहांवरून अक्षांश-रेखांश काढणारे यंत्र आहे. गुरुजींनी हा भाग फळ्यावर मांडून दाखवावा. ठिकाण अंश, मिनिटे आणि मिनिटाचा शंभरावा भाग असे लिहितात. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे १,८५२ मीटर. त्याचा शंभरावा भाग साडेअठरा मीटर. म्हणजे गाडी कोणत्या पुलावर आहे ते कळेल, कोणत्या कठड्यापाशी आहे ते नाही.

हे आकडे आणि परवान्याबरोबर मिळालेले कॉलसाइन यांची एक चिठ्ठी बनते. ती १,२०० आणि २,२०० हर्ट्झच्या दोन सुरांत, सेकंदाला १,२०० चिन्हे या वेगाने जाते. कानाला नुसते ‘खर्र’ ऐकू येते. सेकंदभरात खेळ आटोपतो.

उंच टेकडीवर किंवा इमारतीवर दुसरा संच असला, तर तो ही चिठ्ठी ऐकून पुन्हा सोडतो. किती वेळा पुढे द्यायची ते चिठ्ठीवरच लिहिलेले असते, बहुधा दोनदा. पुढे देणारा त्यावर आपली खूण करतो आणि आकडा एकाने कमी होतो. तो संपला की सगळे गप्प. नाही तर तीच हाक रानात फिरत राहिली असती, बरे का!

शेवटी येते द्वारकेंद्र. हे म्हणजे कोणा हॅमच्या घरचा संच, शेजारी संगणक आणि इंटरनेटची जोडणी. चिठ्ठीच्या शेवटी पडताळ्याचा आकडा असतो. तो जुळला नाही तर चिठ्ठी टाकून देतात. जुळला तर द्वार आपले नाव जोडून ती इंटरनेटवरच्या सर्व्हरकडे धाडते. दोन द्वारांनी तीच चिठ्ठी दिली, तर सर्व्हर दुसरी गाळतो. मग पुण्यात बसलेल्या मुलाला नकाशावर बापाच्या गाडीचा ठिपका दिसतो. अर्थात गावच्या चहाटळालाही दिसतो, कारण यात गुप्त काहीच नाही.

आता खरी गोम ऐका. ठिकाणाच्या चिठ्ठीला पोच मिळत नाही. आपली हाक कोणी ऐकली की नाही, हे गाडीतल्या माणसाला कळत नाही. या लहरी बव्हंशी सरळ रेषेत जातात. गाडी खोलगट जागी उतरली, मध्ये टेकाड आले, की हाक तिथेच विरते. म्हणून ठिपका पुढे सरकत नाही, एवढ्यावरून गाडी पुरात अडकली असे समजू नये. ठिपका पुलापलीकडे दिसतो म्हणून माणूस सुखरूप, असेही समजू नये. ठिपक्याशेजारची वेळ आधी पाहावी. तो तासाभरापूर्वीचा असू शकतो.

संदेश सोडायला परवाना लागतो आणि त्यासाठी सरकारी परीक्षा आहे. ती १२ वर्षांपुढील कोणालाही देता येते. तेव्हा वरच्या वर्गातल्या मुलांनी मनावर घ्यायला हरकत नाही.

आणि वीज गेली तर? इंटरनेट बंद पडताच द्वार मुके होते. पण जवळपास दुसरा हॅम असला, तर त्याचा संच तीच चिठ्ठी हवेतून थेट ऐकतो आणि गाडी कुठे आहे ते सांगू शकतो. मात्र त्याच्या संचाला मोटारीची बॅटरी जोडलेली हवी, आणि ती पावसाळ्यापूर्वी भरून ठेवलेली हवी.