टेप, आलेख आणि उरलेले अंतर

सकाळी घेतलेला शेअर दुपारी विकण्याचा उद्योग पत्करलेल्या जबलपूरच्या तरुणांत एक वाद मी वारंवार ऐकतो : भरवसा टेपवर ठेवावा की आलेखावर?

टेपवाल्यांचे म्हणणे निराधार नाही. १८६७ मध्ये न्यूयॉर्कला तारयंत्र कागदी पट्टीवर भाव छापू लागले, तेव्हापासून सौद्यांचा भाव, आकार आणि वेग वाचणे हे कसब मानले गेले. आज ती पट्टी मोबाइलच्या पडद्यावर सरकते. पाच मिनिटांची ‘कँडल’ पूर्ण होईपर्यंत तिच्यातले सौदे उरकलेले असतात, असे ते म्हणतात. आलेखवाल्यांचे उत्तर असे, की सुटा सौदा दिशा सांगत नाही. आणि टेपशेजारी दिसणारी मोठी मागणी क्षणात मागे घेता येते.

माझ्या मते दोघेही उशिरा पोहोचलेल्या एकाच माहितीवर भांडत आहेत. १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने उपग्रहाने जोडलेल्या पडद्यांवर व्यवहार सुरू केले आणि मुंबईपासूनचे अंतर बरेच मिटले. परंतु २०१० पासून दलाल संस्थांना आपले संगणक बाजाराच्या संगणकांशेजारी ठेवता येऊ लागले. तेथे प्रत्येक ऑर्डरची नोंद पोहोचते. जबलपूरच्या मोबाइलवर मात्र थांबून थांबून टिपलेले चित्र येते.

सेबीने जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. २०२२-२३ मध्ये रोखीच्या बाजारात असे एकदिवसीय व्यवहार करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात तोट्यात होत्या. वर्षाला पाचशेहून अधिक सौदे करणाऱ्यांत हे प्रमाण ८० टक्के होते. चार वर्षांपूर्वी अशा व्यक्तींत तिशीच्या आतले १८ टक्के होते, ते ४८ टक्के झाले. तोट्यातल्यांनी तोट्याच्या आणखी ५७ टक्के इतकी रक्कम व्यवहारखर्चापोटी मोजली. जितके अधिक सौदे, तितका दलालीचा लाभ निश्चित. मग साधन कोणतेही असो.

वायदेबाजारातील दहापैकी नऊ व्यक्ती तोट्यात जातात, ही सूचना दाखवणे सेबीने २०२३ पासून दलालांना सक्तीचे केले. एकदिवसीय व्यवहारांसाठी मी याहून एक पाऊल पुढची मागणी करीन : ऑर्डर देण्यापूर्वी प्रत्येकाला त्याचा स्वतःचा, खर्च वजा जाता उरलेला वर्षाचा नफा-तोटा दिसावा. टेप आणि आलेख बाजाराचे सांगतात. हा एक आकडा माणसाला स्वतःविषयी सांगेल.