साडेतीन तासांचा फरक

युक्रेनमध्ये युद्ध पेटलं, त्या २०२२च्या फेब्रुवारीत आमच्या लातूरच्या डेस्कवर घड्याळाखाली चिठ्ठी लागली: युक्रेन, साडेतीन तास मागे.

२ मार्चला भारतीय दूतावासाने खारकिव्हमधल्या विद्यार्थ्यांना संध्याकाळी ६च्या आत शहर सोडायला सांगितलं. वाहन नसेल तर पायी. जायची ठिकाणं: पेसोचिन ११ किलोमीटर, बेझलुदिव्का १६. तिथले ६ म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ. आमचं पान साडेदहाला सुटतं.

आमचा बातमीदार खारकिव्हमधल्या एका विद्यार्थ्याच्या औसा तालुक्यातल्या घरी बसून होता. बातमी खरं तर त्या आईच्या मोबाइलमध्ये होती. पावणेनऊला मुलाचा आवाज आला, "निघालोय, चार्जिंग संपत आलंय." त्यानंतर आईच्या प्रत्येक मेसेजवर एकच टिक. दहाला डेस्कवर कुणीतरी मथळा सुचवला: संपर्क तुटला. हे दोन शब्द सकाळी घरोघर काय करतील, ते मला दिसत होतं. मी लिहिलं, "पायी निघाला, निरोपाची वाट". तेवढंच खरं होतं. पेपर दारात पडायच्या आधी मुलगा पेसोचिनला पोहोचल्याचा मेसेज आला.

लातूर-नांदेडच्या ग्रुपांवर तेव्हा स्फोटांचे व्हिडिओ धो धो येत. काही चक्क व्हिडिओ गेममधले. खरंखोटं करायला आम्ही युक्रेनमधल्या तळघरांत लपलेल्या मुलांनाच विचारायचो, हे तुमच्याजवळचं आहे का? त्यांची बॅटरी आपण खातोय, हे कळायला आम्हाला दोन दिवस लागले. मग ठरलं: आधी आईवडिलांचं बोलणं होऊ द्यायचं, नंतर आपला एकच प्रश्न.

मुलं परतली. औक्षण, पेढे, फोटो, सगळं ठळक लागलं. नीटच्या क्लासेससाठी जिथे बाहेरगावची मुलं खोल्या करून राहतात, त्या लातूरचं पोरगं डॉक्टर व्हायला खारकिव्हला का जातं, हे मात्र आम्ही मांडलं नाही. सरकारी जागा हुकते, खासगी कॉलेजची फी शेतीतून निघत नाही. सगळ्यांना ठाऊक, म्हणून लिहायचं राहिलं. त्याची खंत मला अजून आहे.

सप्टेंबरमध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं, या विद्यार्थ्यांना भारतातल्या कॉलेजांत सामावून घेता येणार नाही. आमच्याकडे चार ओळी लागल्या. दुसऱ्या दिवशी मी औशाच्या त्या घरी गेलो. मुलगा मोबाइलवर खारकिव्हचा तास ऐकत होता. आईने हळूच सांगितलं, तिकडं उन्हाळ्यात घड्याळ पुढं करतात, आता फरक अडीच तासांचा आहे.