न आलेल्या सुळ्याची कैफियत

१५-१६ वर्षांच्या मुलीच्या वरच्या ओठाआड, नाकपुडीच्या बाजूस, एक कठीण फुगवटा हळूहळू यावा, तो दुखू नये, आणि दुधाचा दात पडून कित्येक महिने लोटले तरी कायमचा सुळा काही हिरडीबाहेर रुजू होऊ नये, अशी कैफियत ऐकताच जाणत्या दंतवैद्याला जी विरळा व्याधी आठवते, ती म्हणजे ग्रंथिसदृश दंतजन्य अर्बुद. ते वरच्या जबड्यात खालच्यापेक्षा सुमारे दुप्पट आढळते, आणि मुलींत मुलग्यांच्या दुप्पट.

क्ष-किरणचित्रात अडकलेल्या सुळ्याभोवती रेखीव कडेची काळी पोकळी दिसते. साधी दंतपुटी दाताच्या मानेपाशी थांबते. हे अर्बुद मात्र पुष्कळदा मुळाच्या अंगाने वर सरकते, आणि त्याच्या पोटात, रांगोळी सांडावी तसे, चुन्याचे पांढरे कण विखुरलेले असतात. तथापि एवढ्यावर फैसला देऊ नये. खरी शहानिशा सूक्ष्मदर्शकाखालीच होते. कारण जिच्यापायी जबड्याचा भाग कापण्याची पाळी येते, त्या अमेलोब्लास्टोमा नावाच्या आक्रमक गाठीचाच हा एक प्रकार पूर्वी मानला जाई, आणि १९६९ साली फिलिप्सेन व बिर्न यांनी त्यास स्वतंत्र नाव सुचविले, हे माझ्या मते रुग्णांवर मोठे उपकारच झाले.

उपचार सुटसुटीत आहे: जाड आवरणासह गाठ, बहुधा सुळ्यासकट, अखंड सोडवून काढली की ती पुन्हा उद्भवणे अत्यंत विरळ. पालकांनी एवढेच करावे, की तेरावे वर्ष सरूनही वरचा सुळा आला नसेल, तर क्ष-किरणचित्र काढवून घ्यावे.