चेंडूवर चरितार्थ

सायंकाळी शाळेच्या पटांगणात मुलींचा बास्केटबॉलचा खेळ चालू असता कुंपणापाशी थांबलेल्या पालकांकडून एक प्रश्न आम्हांस वारंवार ऐकावा लागतो, "हे सारे ठीक, पण पुढे काय?" इतवारीतील माणसांनी हा प्रश्न करावा यात आम्हांस काहीच गैर वाटत नाही. ज्या पेठेत कापड मोजल्यावाचून आणि सोने तोलल्यावाचून व्यवहार होत नाही, तेथे मुलीच्या आयुष्यातील दहाबारा वर्षे हिशेबावाचून कोण देईल? म्हणून या खेळावर स्त्रीचा चरितार्थ कसा चालतो, हे आम्ही हिशेबानेच सांगणार आहोत.

हा खेळ वाय. एम. सी. ए. या संस्थेत जन्मला. सन १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने, हिवाळ्यात घरात कोंडलेल्या तरुणांस काही तरी व्यायाम हवा म्हणून, सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या टांगल्या. कठडा जमिनीपासून दहा फूट उंच होता. टोपलीची लोखंडी कडी झाली, तिचा तळ गेला, पण ते दहा फूट आजही तसेच आहेत. पुरुषांस तेवढेच, स्त्रियांसही तेवढेच. स्त्रियांचा चेंडू मात्र किंचित लहान व हलका असतो. पुढल्याच वर्षी सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने स्मिथ कॉलेजातील मुलींस हा खेळ शिकविला. तथापि मैदानाचे तीन भाग पाडून प्रत्येकीने आपल्याच भागात राहावे असा तिने नियम केला. सबंध मैदान धावणे मुलींस झेपेल, असे त्या काळच्या वडीलधाऱ्यांस वाटत नव्हते! ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा बास्केटबॉल १९३६ साली आला, स्त्रियांचा १९७६ साली. चाळीस वर्षांचे हे अंतर पालकांनी ध्यानात ठेवावे, कारण स्त्री खेळाडूच्या मिळकतीची कथाही अशीच मागाहून सुरू होते.

केवळ खेळण्याचेच वेतन घेणाऱ्यास धंदेवाईक खेळाडू म्हणतात. अमेरिकेत स्त्रियांचा असा मोठा संघ-समूह १९९७ पासून खेळू लागला. तेथील सामने उन्हाळ्यात होतात. म्हणून अनेक वर्षे तेथील नामांकित खेळाडू हिवाळ्यात रशिया, तुर्कस्तान, चीन अशा देशी खेळावयास जात, कारण घरच्यापेक्षा बाहेर पैसा अधिक मिळे. ब्रिटनी ग्रायनर ही ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविलेली खेळाडू अशाच फेरीत २०२२ च्या फेब्रुवारीत रशियात पकडली गेली आणि डिसेंबरात सुटली. जगातील अव्वल स्त्रीसही दोन घरचे दाणे वेचावे लागत, हे यावरून दिसते.

आपल्या देशात निराळीच व्यवस्था रुजली. येथे खेळाडूचा आधार म्हणजे नोकरी, आणि स्त्रियांच्या बाबतीत मुख्यत्वे रेल्वेची नोकरी. रेल्वेचे क्रीडा मंडळ १९२८ पासूनचे आहे. शाळा, जिल्हा, राज्य अशा पायऱ्या चढून राष्ट्रीय स्पर्धेत चमकलेल्या मुलीस खेळाडूंकरिता राखलेल्या जागेवर, साधारणतः अठरा ते पंचवीस या वयात, घेतले जाते. मग ती रेल्वेच्या संघातून खेळते. सरावास व शिबिरास तिला रजा मिळते. आणि तिशीनंतर पाय थकले तरी नोकरी, बढती व पगार थांबत नाहीत. जिच्या गाड्या आमच्या इतवारी स्थानकातून रोज सुटतात, त्याच रेल्वेची ही गोष्ट आहे. ज्यास आपण खेळाची कमाई म्हणतो, ती खरे पाहता टेबलामागची खुर्ची होय. ही खुर्ची लहान समजू नये.

केरळातील गीतू ॲना जोस हिचे उदाहरण घ्या. उंची सहा फूट दोन इंच. प्रथम व्हॉलीबॉल खेळे, मग या खेळाकडे वळली आणि दक्षिण रेल्वेत लागली. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या रिंगवुड संघाकडून ती खेळली. २०११ साली अमेरिकेतील तीन संघांनी तिची परीक्षा घेतली. निवड झाली नाही. ती परत आली, रेल्वेकडून व भारताकडून खेळत राहिली, आणि २०१४ चा अर्जुन पुरस्कार तिला लाभला. परतावयास जागा होती म्हणूनच एवढी मोठी उडी तिला घेता आली, असे आमचे मत आहे. दक्षिण रेल्वेच्याच अनिता पॉलदुराई हिला २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्या महाराष्ट्रातील म्हणाल, तर पुण्याची शिरीन लिमये भारतीय संघाची कर्णधार झाली. २०१७ साली बंगळूर येथे आशिया चषकाच्या दुसऱ्या श्रेणीत भारताने कझाकस्तानास ७५–७३ असे हरविले, त्या संघात ती होती. दोन गुणांचे अंतर म्हणजे एक साधी टोपली!

आता खर्चाची बाजू. या खेळात उडी मारून एकाएकी थांबावे आणि वळावे लागते. त्यामुळे गुडघ्यातील बंध तुटण्याची भीती असते, व ती मुलांपेक्षा मुलींस अधिक, हे वैद्यांनी पाहिले आहे. शस्त्रक्रिया झाल्यास बहुधा नऊ महिने ते वर्ष मैदान दुरावते. अठराव्या वर्षी असे झाले तर भरतीचीच संधी हुकते. उडीनंतर गुडघे वाकवून, ते आत न वळू देता उतरण्याचा सराव रोज पंधरा मिनिटे केल्यास हा धोका पुष्कळ घटतो. पालकांनी शिक्षकांस गुणांच्या आधी हा सराव होतो की नाही, हे विचारावे. मुलीने भाकरीबरोबर डाळ, दूध, अंडी पोटभर खावी. उपाशी मुलीच्या पायात उडी कोठून येणार?

आणखी एक गोष्ट कागदाची. भरतीच्या वेळी पदक कोणी पाहत नाही. प्रमाणपत्र पाहतात, व ते कोणत्या स्पर्धेचे, कोणत्या साली, कोणाच्या सहीचे हे तपासतात. शिक्षणाची अट असतेच, म्हणून दहावीची व बारावीची गुणपत्रिका त्याच पेटीत असावी. नाव व जन्मतारीख सर्व कागदांवर एकसारखी आहे ना, हे पाचव्या इयत्तेतच पाहून घ्यावे. आडनावातील एका वेलांटीसाठीसुद्धा पुढे कचेऱ्यांच्या खेपा घालाव्या लागतात.