उभ्या मोटारीतील बॅटरीचा ऱ्हास : निदान आणि उपाय

बीजसंज्ञा : शिसे-आम्ल बॅटरी, परोपजीवी प्रवाह, मल्टिमीटर, अल्टरनेटर, निदान

प्रस्तावना

गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शिसे व गंधकाम्ल यांवर आधारलेला, पुन्हा पुन्हा भारित करता येणारा विद्युतघट तयार केला. १९१२ मध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विद्युत-आरंभक कॅडिलॅक मोटारीत आला आणि इंजिन सुरू करण्याचे काम बॅटरीकडे सोपविले गेले. आज तिच्यावर आणखी एक जबाबदारी आहे. इंजिन बंद असतानाही घड्याळ, सुरक्षा-यंत्रणा व संगणकीय नियंत्रक यांना ती अल्प प्रवाह पुरवीत असते. या प्रवाहास परोपजीवी प्रवाह म्हणतात. तो प्रमाणाबाहेर वाढला की रात्री उभी केलेली मोटार सकाळी सुरू होत नाही. अशा वेळी बहुधा सर्व दोष बॅटरीच्या माथी मारून नवी बॅटरी बसविली जाते आणि काही दिवसांनी तीही उतरते. मापनापूर्वी केलेली खरेदी म्हणजे दुरुस्ती नव्हे, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

समस्येचे स्वरूप

बॅटरी उतरण्याची मुख्य कारणे तीन : बॅटरीची स्वतःची क्षीणता, अल्टरनेटरकडून होणारे अपुरे भारण आणि वाढलेला परोपजीवी प्रवाह. साध्या अंकगणिताने यांतील भेद लक्षात येतो. लहान मोटारीत ३५ ॲम्पियर-तास धारणक्षमतेची बॅटरी आहे असे मानू. बहुतेक मोटारींत ५० मिलीॲम्पियरपर्यंतचा प्रवाह स्वाभाविक मानला जातो. दहा तासांत त्यापायी केवळ अर्धा ॲम्पियर-तास खर्च होतो. डिकीतील ५ वॅटचा दिवा जळत राहिल्यास सुमारे ०.४ ॲम्पियर प्रवाह वाहतो व एका रात्रीत ४ ॲम्पियर-तास जातात. निरोगी बॅटरी एवढा खर्च सहज सोसते. ती एका रात्रीत उतरण्यासाठी दोन ॲम्पियरच्या आसपास प्रवाह वाहावा लागतो. तेवढा प्रवाह आढळला नाही, तर बॅटरी क्षीण आहे किंवा ती पूर्ण भारित होत नाही, असे अनुमान करता येते. नवी बॅटरी काही दिवस चालून मग का उतरते, याचेही उत्तर येथेच मिळते : रोजची लहानशी गळती जवळच्या फेऱ्यांतून भरून निघत नाही व तूट साचत जाते.

निदानाची पद्धती

१. बॅटरी पूर्ण भारित करून काही तास तशीच ठेवावी व विभवांतर मोजावे. सामान्य बॅटरीत ते सुमारे १२.६ व्होल्ट असते, १२.२ व्होल्ट म्हणजे भार निम्म्यावर आला आहे. इंजिन चालू असताना हेच माप साधारणतः १३.८ ते १४.५ व्होल्ट असावे. ते सतत बरेच कमी राहिल्यास अल्टरनेटर, त्याचा पट्टा व तारांची जोडणी तपासावी.

२. ऋण अग्राची तार रात्रभर काढून ठेवावी. तरीही सकाळी विभवांतर बरेच घटलेले असेल, तर दोष बॅटरीतच आहे. ते टिकून राहिले व मोटार सुरू झाली, तर गळती मोटारीच्या मंडलात शोधावी.

३. गळती मोजण्यासाठी किल्ली काढून ऋण अग्र व त्याची तार यांच्यामध्ये मल्टिमीटर १० ॲम्पियरच्या जोडणीवर एकसरीत लावावा. मापन चालू असताना इंजिन सुरू करू नये. मल्टिमीटरचा फ्यूज जाईल. नियंत्रक निद्रितावस्थेत जाण्यास २० ते ४५ मिनिटे लागू शकतात. तोपर्यंत दारे बंद व रिमोट किल्ली दूर असावी. आरंभीचा मोठा आकडा पाहून काढलेला निष्कर्ष फसवा ठरतो.

४. त्यानंतर एकेक फ्यूज काढून पाहावा. जो काढताच प्रवाह लक्षणीय घटेल, त्या शाखेत दोष आहे. फ्यूज काढल्या-घातल्याने नियंत्रक पुन्हा जागे होऊ शकतात. म्हणून फ्यूजच्या दोन टोकांमधील मिलिव्होल्ट मोजणे अधिक सोयीचे. एकाही फ्यूजने फरक पडला नाही, तर अल्टरनेटरमधील डायोडकडे संशयाने पाहावे.

उपाययोजना

चिकटलेला रिले व बिघडलेला डायोड बदलावा लागतो. डिकीचा दिवा विझत नसेल, तर त्याचा स्विच पाहावा. बाहेरून बसविलेली संगीत-यंत्रणा वा कॅमेरा यांची जोडणी किल्लीने बंद होणाऱ्या तारेवर घ्यावी. पावसाळ्यात ओलाव्याने गंजलेले जोड आणि उंदरांनी कुरतडलेल्या तारा यांचीही तपासणी आवश्यक आहे. दीर्घ सुटीत मोटार उभी राहणार असल्यास ऋण तार काढावी. मात्र त्यामुळे काही मोटारींत घड्याळ किंवा काचांची मांडणी नव्याने करावी लागते.

भारणाच्या वेळी हायड्रोजन वायू निर्माण होतो, म्हणून जवळ ठिणगी पडू देऊ नये. तारा काढताना ऋण तार प्रथम व जोडताना ती शेवटी, हा क्रम पाळावा. संकरित व विद्युत मोटारींतील नारिंगी रंगाच्या उच्चदाब तारांना हात लावू नये.

समारोप

वारंवार पूर्ण उतरणाऱ्या बॅटरीच्या पट्टिकांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक साचतात व तिची धारणक्षमता कायमची घटते. अशा रीतीने न शोधलेली गळती चांगल्या बॅटरीलाही निकामी करते. टाकून दिलेल्या प्रत्येक बॅटरीबरोबर विषारी शिशाच्या विल्हेवाटीचा प्रश्न येतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांचा संबंध याच प्रश्नाशी आहे. तेव्हा एका मल्टिमीटरने केलेले संयमी निदान मोटारमालकाचा अनाठायी खर्च वाचविते आणि पर्यावरणावरील भारही हलका करते. कारण निश्चित झाल्यावरच उपाय, हा प्रयोगशाळेतील दंडक वाहनतळावरही तितकाच उपयुक्त ठरतो.