अर्धांगवायू: वेळ कधीपासून मोजायची?

चहाचा कप हातातून निसटतो, तोंड वाकडं होतं, जीभ जड पडते. घरचे म्हणतात, 'पित्त झालं असेल, जरा पडू द्या.' इथेच घात होतो. मेंदूची मोठी रक्तवाहिनी तुंबली, की मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच देता येतं, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे दिसल्यावर. रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिनने तो वाढू शकतो, म्हणून घरी ते देऊ नका. पाणीही नको, ठसका लागून ते फुप्फुसात जाऊ शकतं. सरळ 108 ला फोन करा. मोठी गुठळी जांघेतून नळी घालून ओढून काढतात, निवडक रुग्णांत 24 तासांपर्यंतही. डॉक्टर आधी विचारतील, रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला? सकाळी उठतानाच हात लुळा असेल, तर रात्री झोपतानाची वेळ सांगायची.