साखळी करवत : इंधन भरणे व एंजिन चालू करणे

बागेतील फांद्या व ओंडके कापण्याच्या साखळी करवतीस पुष्कळदा दोन धावांचे पेट्रोल एंजिन असते. यात वंगणाचा स्वतंत्र साठा नसतो. इंधनमिश्रण भुजापेटीतून सिलिंडरात जाताना धारवे व दट्ट्या यांचे वंगण होते. म्हणून पेट्रोलात योग्य तेल उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात मिसळतात. ५० : १ प्रमाणासाठी १ लिटर पेट्रोलास २० मिलि. तेल लागते. नुसते पेट्रोल वापरल्यास दट्ट्या तापून सिलिंडरात अडकतो.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते व दूरच्या ठिणगीनेही पेट घेते. यासाठी एंजिन बंद करून ते निवल्यावर उघड्या जागी इंधन भरतात. टाकीतील दाब हळूहळू जावा म्हणून टोपण सावकाश उघडतात. सांडलेले इंधन पुसून, भरण्याच्या जागेपासून किमान ३ मी. दूर जाऊन एंजिन चालू करतात.

त्या वेळी करवत सपाट जमिनीवर ठेवून साखळीचा गतिरोधक लावतात. डाव्या हाताने पुढील मूठ दाबून व उजव्या पायाचा चवडा मागील मुठीत रोवून दोरी ओढतात. साखळी कशासही टेकलेली नसावी. करवत हातातून खाली सोडत दोरी ओढणे धोक्याचे असते, कारण त्यात तिच्यावरील ताबा सुटतो. निष्कास वायूंत विषारी कार्बन मोनॉक्साइड असल्याने बंदिस्त जागेत एंजिन चालवीत नाहीत.